नावापुढे 'गैरहजर'

आमच्या कबड्डी मंडळाचं जुनं दप्तर कम्प्युटरवर चढवायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी दुकान सोडलं होतं. बैठकीत सगळे एका सुरात म्हणाले, "तुमच्याजवळ टाइम आहे." टाइम होता हे खरं, पण लोकांनी तो इतक्या पटकन ओळखावा याचा मला रागच आला. तरी हो म्हणालो. त्या दिवसापासून पिपरी मेघेतल्या आमच्या घराची पुढची खोली मंडळाची झाली.

हे काम आधीही एकदा झालं होतं म्हणे. कुणीतरी सगळे फोटो सीडीवर भरून कपाटात ठेवले होते, आणि आता त्या सीडी लावायला कुणाकडे काही नाही. मग एका उत्साही सचिवाने मोबाइलवर फोटो काढून पेनड्राइव्हमध्ये टाकले. कोणता सामना, कोणतं साल, फोटोत कोण, कशाचाच पत्ता नाही, नुसते नंबर. म्हणून आम्ही पुन्हा कागदापासून सुरुवात केली. आम्ही म्हणजे मी आणि माझी सून. दुकान आता तीच पाहते, दुपारी गिऱ्हाईक कमी झालं की घरी येते. तक्ता तिनेच आखला: नाव, साल, वजन, हजेरी, सामने, शेरा. मी वाचायचो, ती टाइप करायची.

सगळ्यात जीव रमला तो वजनाच्या वह्यांत. आमची कबड्डी वजनगटाची. सामन्यांच्या दिवशी सकाळी पंच एकेकाला काट्यावर उभं करून ज्या-त्या मंडळाच्या वहीत वजन लिहायचे. काटा भाजीच्या अडतीतून आणलेला, कोबीची पानं अजून त्याला चिकटलेली. पोरं दोन-दोन दिवस उपाशी राहायची, उन्हात स्वेटर घालून पळायची आणि काट्यावर चढायच्या आधी थुंकून घ्यायची. आज जे बैठकीत खुर्चीत मावत नाहीत, त्यांची तेव्हाची वजनं वाचून सून हसायची. मीही हसायचो, पण प्रत्येक नावासरशी ते मैदान, ती चुन्याची रेघ, त्या पोरांच्या अंगाचा घामट वास आठवायचा. फार आठवण यायची त्या सगळ्यांची, जे गेले त्यांची आणि जे आहेत त्यांचीही.

"बाबा," एका दुपारी तिनं विचारलं, "तुमी टीममंधी होते म्हणता, मंग तुमचं नाव एकाही यादीत काऊन नाई?"

"येईन नाव. थांब जराशी."

आलं. मंडळाने पहिला आणि एकुलता कप जिंकला त्या सालच्या वहीत, बाराव्या नंबरावर माझं नाव होतं. पुढे लाल शाईत लिहिलं होतं, गैरहजर.

"असन काही काम त्या दिवशी," ती हळूच म्हणाली. मला तिची कीव सहन झाली नाही. मी चष्मा काढला आणि त्या दुपारपुरतं काम बंद केलं.

सामन्यांच्या त्या दिवशी मला काहीच काम नव्हतं. झालं होतं असं की आदल्या दिवशी आमच्या कॅप्टनच्या नातेवाइकांकडे रोडग्यांचं जेवण होतं. गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे, वर तूप आणि वांग्याची भाजी. गडी दोन दिवसांचा उपाशी, त्यानं हात आखडला नाही. सकाळी आम्ही गुपचूप वजन करून पाहिलं तर दीड किलो जास्त. त्याच्याशिवाय आमची टीम म्हणजे काहीच नाही. सामने केळझरकडच्या एका गावात होते, पंच बाहेरचे, ते कुणाला चेहऱ्याने ओळखत नव्हते. त्यांनी त्याचं नाव पुकारलं आणि मी काट्यावर चढलो. मला कुणी सांगितलं नव्हतं. कुणी अडवलंही नाही. थोड्या वेळाने माझं नाव पुकारलं, तेव्हा मी गर्दीत मागे सरकलो. वजन नाही म्हणजे खेळ नाही.

फायनलला शेवटच्या चढाईत त्यानं दोन गडी मारले. मी रेघेबाहेर त्याचे कपडे सांभाळत ओरडत होतो. पुढच्या वर्षी वडिलांनी मला दुकानात बसवलं आणि खेळ सुटला तो सुटलाच.

त्या पानाची झेरॉक्स घेऊन मी रोहण्याला, कॅप्टनच्या गावी गेलो. तो वांग्याच्या वाडीत होता. कागद डोळ्यांपासून लांब धरून त्यानं वाचला.

"मले वाटलं तू तुह्या नावानंबी उभा राह्यला असशीन," तो म्हणाला. "खेळवलं नाई, म्हणून बाहेर बसला."

"एकाच पंचापुढं दोनदा कसा उभा राहू?"

त्यानं कागदाची घडी घातली आणि म्हणाला, "खरं लिहिलं त कप जाते."

"कप कोण मांगून राह्यलं? नाव तुह्यं जाते."

"इतके वर्ष बोलला नाई. आता काऊन बोलून राह्यला?"

"सुनेनं वाचलं," मी म्हणालो. याहून मोठं कारण माझ्याजवळ नव्हतं.

"माह्या नातवाले ते शेवटची चढाई पाठ आहे," तो म्हणाला. त्यानं माझ्या पिशवीत वांगी भरून दिली, पण रस्त्यापर्यंत सोडायला आला नाही. परतीच्या बसमध्ये मी ठरवून टाकलं, गैरहजर तर गैरहजर. एवढी वर्षं राहिलं, आणखी राहील.

चौथ्या दिवशी दुपारी तो स्वतः दारात उभा. धुतलेले कपडे, डोक्याला टोपी. माझ्याशी न बोलता सुनेशेजारी खुर्ची ओढून बसला. "लिही बेटा," म्हणाला. "त्या दिवशी माह्यं वजन जास्त होतं. माह्या नावावर हा उभा राह्यला. म्हणून याले खेळता आलं नाई."

तिनं त्याच्या नावापुढे शेऱ्यात ते जसंच्या तसं लिहिलं.

"नातवाले सांगतलं?" मी विचारलं.

"सांगतलं. दोन दिवस बोलला नाई माह्याशी. आज बोलला."

मग सुनेनं माझ्या नावाची ओळ शोधली. हजेरीच्या रकान्यातलं 'गैरहजर' पुसून तिथं 'हजर' लिहिलं. पुढच्या रकान्यावर थांबून तिनं विचारलं, "सामने किती लिहू?"

"एक लिही," कॅप्टन म्हणाला.

"शून्य," मी म्हणालो. "खेळलो नाई त खेळलो कसं लिहू?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तिनं 'हजर'पुढं शून्य टाकलं. ते पाहून मला दोघांसमोर रडू आलं, आणि त्याची मला जराही लाज वाटली नाही.