इतमामाखालची कोरी जागा

शकुंतलाबाईंची आणि माझी पहिली भेट कंधारच्या बसस्थानकावर झाली, आणि त्या भेटीतला नवाब मीच होतो. नव्या नोकरीवर रुजू व्हायला लातूरहून आलो होतो. अंग आंबले होते, म्हणून बाकावर पाय पसरून बसलो. चहावाला म्हणाला, "नवाबावाणी काय बसून राहिलाव सर, पाय घ्या की जवळ." शेजारच्या बाईंनी पिशवीतून चिठ्ठी काढली, ते वाक्य जसेच्या तसे लिहिले आणि त्याच्यापुढे सहीसाठी धरली. त्या बिचाऱ्याला वाटले, पोलिसात तक्रार चालली! दुसऱ्या दिवशी कळले, बाई माझ्याच शाळेत मराठी शिकवतात.

राजेशाही थाटाचे शब्द लोक आज कुणासाठी वापरतात, याचा बाईंना ध्यास. राजे गेले, निजामही गेला. पण 'थाट', 'रुबाब', 'बडेजाव' मागे राहिले आणि कुणाच्याही घरी नांदू लागले. बायकोला 'राणीसरकार' म्हणणारा लातूरच्या डाळमिलमधला हमाल बाईंच्या संग्रहात मानाने बसला आहे. त्यांचा नियम एकच : वाक्याखाली बोलणाऱ्याची सही हवी, लिहिता येत नसेल तर अंगठा. चौकाचौकातल्या फलकांवरच्या 'सम्राटां'ची चिठ्ठी मात्र त्यांनी कधी केली नाही. "त्यो छापून घेतलेला शब्द हाय, बोललेला न्हाई," असे म्हणत.

पुढे संग्रहाचे पुस्तक करायचे ठरले. सुवाच्य प्रत काढायचे काम मी हौसेने अंगावर घेतले. वाक्ये उतरवली, अकारविल्हे लावली, आणि सह्या-अंगठे म्हणजे नुसता पसारा समजून जुन्या चिठ्ठ्या रद्दीत घातल्या. अति शहाणा त्याचा बैल रिकामा! बाईंना सांगितले तेव्हा त्या मटकन खाली बसल्या. मग म्हणाल्या, "चला सर. माणसं हायत तवर पुन्हा विचारू."

कितीतरी रविवार आम्ही एसटीने हिंडलो. शिरूर अनंतपाळच्या एका आजींनी दटावले, "कितींदा अंगठा घेताव बाई, शेत लिहून घेताव का काय?" बाई पोट धरून हसल्या. माझी चूक त्यांनी शाळेत कुणाला कळू दिली नाही. एक 'इतमाम' शब्दाच्या वाक्याचा अंगठा तेवढा राहिला. "त्यो राहू द्या," एवढेच म्हणाल्या. पुस्तकात त्या वाक्याखालची जागा कोरीच आहे.

या लेखासाठी मागच्या महिन्यात भेटलो, तेव्हा धीर करून त्याबद्दल विचारले. ते वाक्य त्यांच्या आईंचे होते. जन्मभर मजुरी केलेल्या त्या माउलींनी सांगितले होते, "लेकीचं नाव शाळंत घातलं त्या दिशी नवं लुगडं नेसून, इतमामानं नेलं तिला." आता हा शब्द बातम्यांत अंत्यसंस्कारापुरता उरला आहे. आई आधीच वारल्या होत्या, आणि त्यांचा फोटो कधी निघाला नव्हता; चिठ्ठीवरचा अंगठा हीच त्यांची खूण होती. ती मी रद्दीत घातली, आणि बाई मात्र दर दिवाळीला माझ्या मुलांना फराळ पाठवत राहिल्या. मला रडू आवरेना. बाईच समजूत घालू लागल्या, "वाक्य तर उतरवलं व्हतं ना सर तुम्ही? बास झालं."

बाई पंचाहत्तरीत आल्या आहेत, त्यानिमित्त त्यांचा सत्कार आहे. त्यांचे कान असेच तिखट राहोत, गुडघे साथ देवोत, शंभरीच्या चिठ्ठ्याही त्यांच्याच हातच्या असोत. सत्काराच्या दिवशी त्यांना घरून आणायचे काम मी मागून घेतले आहे. दाराशी उभा राहून म्हणणार आहे, "चला बाई, इतमामानं नेतो." सवयीने त्यांनी चिठ्ठी पुढे केलीच, तर सही मात्र करणार नाही. ती जागा त्यांच्या आईंची आहे.