शनिवारची बंदी

तुस्कानो मॅडम पाणी प्यायला उठल्या तरी आधी आपला संगणक कुलूपबंद करत, मग एखादी कळ दाबून तो खरंच बंद झालाय ना ते बघत आणि मगच चपला पायात सरकवत. कूलर त्यांच्या खुर्चीला जवळजवळ चिकटून होता. आम्ही हसायचो. पण आमच्यातला कोणी संगणकाचा पडदा उघडा टाकून चहाला गेला, तर तो परतेपर्यंत त्याच्याच नावाने सगळ्या ऑफिसला निरोप गेलेला असे : ‘आज माझ्याकडून सर्वांना वडापाव.’ हे उद्योग कोणाचे ते सगळ्यांना ठाऊक असे, आणि वडापाव आणावेच लागत. नोकरीच्या पहिल्या महिन्यात मी ते इतक्यांदा आणले की नाक्यावरचा वडेवाला मला लांबूनच ‘या साहेब’ म्हणायला लागला.

ही दोन हजार सालानंतरची पहिली काही वर्षं. वालीवला प्लास्टिकच्या बादल्या आणि स्टीलचे डबे बनवणाऱ्या गाळ्यांच्या मधोमध एका विमा कंपनीचं संगणक केंद्र होतं. काचेपलीकडे मेनफ्रेम उभा, चांगल्या दोन गोदरेज कपाटांएवढा. त्या एका यंत्राच्या पोटात लिनक्सचे कितीतरी सर्व्हर एकमेकांना न शिवता चालत. नव्या माणसाला हे समजावून सांगायची मॅडमची स्वतःची रीत होती. “चाळ समज,” त्या म्हणत. “इमारत एक, बिऱ्हाडं वेगळी. एकीचं दूध उतू गेलं म्हणून शेजारणीचा गॅस विझता कामा नये.” आणि तो विझू न देणं हे आमचं काम.

मॅडम नंदाखाल गावच्या. घरची वाडी, केळी आणि मोगरा, ती नवरा बघायचा. त्यांचं नाव अंद्रू. मॅडम मेनफ्रेमवर आल्या त्या टेपांच्या जमान्यात, आणि पन्नाशी जवळ आली तेव्हा लिनक्स शिकल्या. मी लिनक्स कॉलेजातच शिकून आलो होतो, त्यामुळे डोक्यात हवा होती. पहिला सर्व्हर उभा करून मी ऐटीत त्यांना बोलावलं. त्यांनी चष्मा वर ढकलला आणि बाहेरून आत यायच्या जेवढ्या वाटा मी मोकळ्या ठेवल्या होत्या त्या एकेक करून दाखवल्या. “एवढ्याशा घराला एवढी दारं कशाला रे प्रशांत? हे कोणासाठी? आणि हे?” संध्याकाळपर्यंत त्यांनी एक सोडून सगळी बंद करून घेतली.

सर्वाधिकाराचा पासवर्ड मागितला की त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं : “हक्क मागू नको, काम सांग.” काम सांगितलं की तेवढ्यापुरती परवानगी मिळे, चमच्याने औषध दिल्यासारखी. मी चिडायचो, धुसफुसायचो. त्यांच्यावर त्याचा काडीचा परिणाम होत नसे. पण गावच्या सणाला सगळ्यांना घरी नेऊन, बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, काठावर सावलीत पानं मांडून तळलेले फुगे आणि मटणाचं इंद्याल वाढणाऱ्या बाईही त्याच. माझ्या पानात काही संपू द्यायच्या नाहीत.

त्यांची आणखी एक सवय होती. सर्व्हर बंद करायचा तर आम्ही थेट बंद करत असू. मॅडम आधी त्यावर काम करणाऱ्यांना निरोप धाडत आणि हाताची घडी घालून पाच मिनिटं बसून राहत. त्यावर कोणी नसेल तरीही.

अशी काही वर्षं गेली. एका शनिवारी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, विम्याच्या दाव्यांचा सर्व्हर बंद पडला. शाखांमध्ये लोक खोळंबले, मुंबईहून फोनवर फोन. आम्ही तो उठवला आणि नोंद पाहिली. सर्व्हर कोणीतरी बंद केला होता, आणि तो मॅडमच्या नावाने, मॅडमच्याच टेबलावरून. मॅडम म्हणाल्या, त्या वेळी मी डबा खात होते. त्यांच्या शब्दावर अविश्वास दाखवायचं कोणाच्या मनातही आलं नाही. पासवर्ड चोरीला गेला, एवढाच अर्थ निघत होता. ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्यांची दारं लावली तिच्याच घरात चोर शिरला होता.

त्यांनी सगळे पासवर्ड बदलले आणि सगळ्यांचे हक्क काढून घेतले, माझेसुद्धा. मी तोंडावर विचारलं, मी तुम्हाला चोर वाटतो का? त्या शांतपणे म्हणाल्या, “नाही वाटत. पण तुला वगळलं तर शोध खोटा होईल.” मी आठवडाभर त्यांच्याशी कामापुरतंच बोललो. तेवढ्यात दुसऱ्या एका शनिवारी पुन्हा तेच झालं, आणि चोराकडे नवा पासवर्डही होता. मोठे साहेब मुंबईहून आले आणि सर्वांसमोर सांगून गेले की या महिन्यात माणूस सापडला नाही तर मॅडमनी कारभार दुसऱ्याकडे द्यावा. मॅडम मान खाली घालून ऐकत होत्या. तो कारभार म्हणजे त्यांचं अर्धं आयुष्य होतं. माझा राग तिथेच गळून गेला आणि मी त्यांच्याबरोबर शोधाला बसलो.

मग त्यांनी सापळा लावला. त्यांच्या नावाने कोणीही काहीही टाइप केलं, की त्याची अक्षरन्‌अक्षर प्रत एका वेगळ्या बिऱ्हाडात जाऊन पडेल, अशी सोय केली. चोर पुन्हा आला, शनिवारीच, जेवणाच्या सुट्टीत.

सोमवारी सकाळी मी पोचलो तर मॅडम आधीच येऊन बसल्या होत्या. त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला आणि वाच म्हणाल्या. चोराने आधी आत कोण कोण आहे ते पाहिलं होतं; शाखांतल्यांना असे निरोप दिसत नसत आणि आत दुसरं कोणीच नव्हतं. मग इंग्रजी अक्षरांत मराठी निरोप धाडला होता : पाच मिनिटांत बंद होईल, कामं आवरून घ्या. मग पाच मिनिटं काहीच नाही. आणि मग सर्व्हर बंद.

मी म्हणालो, चोर बनेल आहे, तुमची नक्कल करतोय. मॅडम ऑफिसात नेहमी शुद्ध बोलत. त्या दिवशी त्यांची गावची बोली वर आली.

“चोर कधी कोनाला कामं आवरायला सांगतो काय रे? ही मी हाय.”

लिनक्स नवीन होतं तेव्हा दर शनिवारी दुपारी सगळे सर्व्हर बंद करून त्यांच्या प्रती काढल्या जात. त्याला आम्ही शनिवारची बंदी म्हणायचो, आणि ती नेहमी मॅडमच करायच्या. शाखा शनिवारीही पूर्ण वेळ चालू लागल्या तशी ती प्रथा बंद झाली, त्यालाही वर्षं लोटली होती.

“मी डबा खात नव्हते, बंदी करत होते,” त्या म्हणाल्या. “आणि मला त्यातलं काय पन आठवत नाय.”

त्यांनी माझे काढून घेतलेले हक्क मला परत दिले. मग खुर्चीवरून उठल्या आणि मला तिथे बसवलं. “आता माझे हक्क काढ,” म्हणाल्या. मी म्हणालो, आधी डॉक्टरकडे जाऊ, थकव्यानेही असं होतं, रजा घ्या. त्या ऐकेनात. मी टाइप करत गेलो आणि त्या शेजारी उभं राहून तपासत गेल्या, कोणाही सोडून जाणाऱ्या माणसाचं तपासावं तसं. शेवटी मी एक लहानसं खातं ठेवून दिलं. त्यातून काही बदलता येत नव्हतं, नुसतं आत येऊन बघता येत होतं. त्यांनी ते लगेच पकडलं.

“मायेने उघडं ठेवलं तरी ते दारच,” त्या म्हणाल्या. “लाव.”

मी ते लावलं आणि तिथेच, त्यांच्या खुर्चीत बसून, लहान मुलासारखा रडलो. मॅडम रडल्या नाहीत. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, ड्रॉवरमधली जपमाळ आणि चष्म्याचं घर पिशवीत टाकलं आणि मोठ्या साहेबांना स्वतः फोन करून सांगितलं, माणूस सापडला.

डॉक्टरांनी सांगितलं ते आम्ही ओळखलंच होतं. मेंदू विसरत चालला होता, वयाच्या मानाने फार लवकर. मी रविवारी त्यांची चर्चमधली मिस्सा आटोपल्यावर नंदाखालला जायचो. सुरुवातीला त्या एकेका सर्व्हरची नाव घेऊन चौकशी करत. मग नुसतं ‘मशीन बरं आहे ना’ विचारत. मग तेही थांबलं. मला त्या केळी विकत घ्यायला आलेला व्यापारी समजू लागल्या, आणि अंद्रूकाका ओशाळून सांगत की हा प्रशांत, तुझ्या हाताखालचा. त्या मान डोलवत आणि घड कापायला अजून वेळ आहे म्हणत. परतताना स्कूटरवर मला रस्ता नीट दिसायचा नाही.

एका पावसाळ्यात त्या गेल्या. चर्चमागच्या सिमित्रीत, त्यांना मातीत ठेवताना, आम्ही सगळे भिजत उभे होतो. मोठे साहेबही आले होते.

मग हिशेबांऐवजी संगणकावरची खाती तपासणारा एक तपासनीस आला आणि म्हणाला, मृत व्यक्तीचं खातं असं नुसतं कुलूपबंद ठेवता येत नाही, पुसा. मी बरेच दिवस टाळलं. शेवटी पुसलं. लिनक्समध्ये प्रत्येक फाइलीसमोर ती बनवणाऱ्याचं नाव दिसतं. खातं पुसलं की फाइल राहते, पण नावाच्या जागी नुसता एक आकडा उरतो. सगळ्या बिऱ्हाडांची राखण करणारे मॅडमचे प्रोग्राम रोजच्यासारखे चालू होते, आणि पडद्यावर ओळीमागून ओळ तोच आकडा येत होता. मला ते बघवेना.

बेवारस फाइल ठेवायची नाही, कोणाच्या तरी नावावर करायची, असा नियम आहे, आणि तो बरोबर आहे. माझ्याशिवाय ते काम कोणी करणार नव्हतं. मी माझं नाव टाकलं. एका आज्ञेत सगळं झालं. तेव्हापासून मॅडमनी उभं केलेलं सारं काही माझ्या नावावर दिसतं, नवी मुलं ते बघून मला मानतात, आणि हे माझं नाही असं लिहायला त्या ओळीत जागा नाही.