एका स्वेटरात दोन करडं

त्या वर्षी भाद्रपदात माझी बायको गेली. दिवाळीच्या तोंडावर तिची शेळी व्याली.

सासूबाई असेपर्यंत हे लिहावंसं वाटलं नाही, कारण ही हकिगत त्यांना माझ्याहून चांगली सांगता येत असे आणि त्या सांगत असताना मधे बोललेलं त्यांना खपत नसे. गेल्या वर्षी त्याही गेल्या. आता मधे बोलायला कुणी नाही, म्हणून बसून सावकाश लिहितो आहे.

शेळी घरात आली ती औषध म्हणून. बायकोच्या छातीचं दुखणं बळावलं तेव्हा वैद्यांनी शेळीचं दूध सांगितलं. स्वातंत्र्याला दहाएक वर्षं झाली होती, बनारसला चांगले दवाखाने होते, पण आमच्या गल्लीत वैद्यांचा शब्द अजून वर होता. बायकोने ते दूध नाक मुरडत जेमतेम घेतलं, शेळीवर मात्र जीव लावला. चौकात ऊन आलं की ती माझ्यासाठी राखाडी लोकरीचा स्वेटर विणत बसे आणि शेळी लोकरीचा गुंडा ओढून नेई. स्वेटरची एक बाही विणायची राहिली.

घर सासूबाईंचं, बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीतलं. मी मूळचा नागपूरकडचा, विद्यापीठाच्या ग्रंथालयात पुस्तकांना क्रमांक घालणारा. सासूबाई एकट्या, म्हणून लग्नानंतर मीच त्यांच्याकडे राहायला गेलो. त्या आणि मी कधी थेट बोललो नव्हतो. भांडण नव्हतं, रीत होती. जावयाशी सासूने समोरासमोर बोलू नये अशा मताच्या त्या, आणि मला एरवीही कुणाशी बोलायची फारशी हौस नव्हती. "विचार गं त्यांना, भात वाढू का?" असं त्या म्हणत. "सांग, थोडाच," असं मी म्हणे. मधे बायको बसलेली. ती दोन्हीकडचं ऐकून हसे आणि स्वतःच्या मनाने ताट भरून भात वाढे.

ती गेल्यावर निरोप पोचवायला कुणी उरलं नाही. काही दिवस घर मुकंच होतं. मग एका सकाळी सासूबाई खांबाला बांधलेल्या शेळीला म्हणाल्या, "तुझ्या मालकांना म्हणावं, पान वाढलंय."

मी जेवलो, आणि हात धुताधुता शेळीला सांगितलं, "आज यायला उशीर होईल."

शेळीने दोन्ही निरोप चघळले. अशी आमची सोय झाली.

दिवाळी झाली की विद्यापीठाजवळ एखादी खोली बघायची, असं मी मनाशी ठरवलं होतं. बायको नसताना सासुरवाडीत किती दिवस राहणार? पण हे शेळीला कसं सांगावं ते सुचत नव्हतं. तेवढ्यात ती व्याली.

पहिला बोकड. काळाभोर. अंग ओलं असतानाच तो उभा राहिला, पडला, पुन्हा उभा राहिला आणि सरळ आचळाला लागला. त्याच्या मागून एक मादी आली, तपकिरी, माझ्या चपलेएवढी. ती उभी राहण्याच्या भानगडीत पडली नाही. सासूबाई वाकून बघत शेळीला म्हणाल्या, "हे काय गं? एवढंसंच?"

थोरला आणि धाकटी ही नावं आपोआप पडली. शेळीला आचळं दोन आणि करडंही दोन, तेव्हा अडचण यायला नको होती. पण थोरला एका आचळाला तोंड लावी आणि दुसऱ्यावर पहारा करी. धाकटी लटपटत आली की ढुशी. ती कोलमडे, आणि आता उठावं की नाही याचा विचार करत पडून राही. म्हणून मी थोरल्याला मांडीवर धरून बसायचं आणि सासूबाईंनी धाकटीला आचळाशी नेऊन धरायचं, असं शेळीमार्फत ठरलं.

मोकळ्या हातात मी पुस्तक धरत असे. ग्रंथालयातून मेंढ्या पाळण्यावरचं एक इंग्रजी पुस्तक आणलं होतं. लिहिणारा कुठल्याशा बर्फाळ मुलखातला होता. शेळीवरचं काही मिळालं नाही, म्हणून मेंढीवर भागवलं. त्याची शेवटची सूची थोरल्याने पहिल्याच आठवड्यात खाल्ली. सकाळी घाटाकडे निघालेला नावाडी उघड्या दारातून डोकावून विचारी, "का गुरू, बकरी पढ़ावत हउवा?"

"म्हणावं, बकरी शिकेल हो," सासूबाई आतून शेळीला सांगत, "ह्यांचं काही सांगता येत नाही."

धाकटीचं वजन करायला मी तिला कोपऱ्यावरच्या बनियाकडे नेई. तराजूच्या एका पारड्यात ती, दुसऱ्यात वजनं. पारडं वर गेलं की ती वरून सगळा बाजार बघे आणि जोरात ओरडे. अंगात नसलेलं सगळं आवाजात होतं. बनिया तोंडातलं पान सांभाळत म्हणे, "पंडितजी, इतना तो हम धनिया मुफ़्त में दे देते हैं." मी घरी येऊन शेळीला सांगे, "वाढलंय. थोडंसं." मग सासूबाई स्वयंपाकघरातून गुळाचा खडा आणून शेळीच्या तोंडात घालत. एकदा ताटात माझ्याही भाताशेजारी गुळाचा खडा दिसला.

असं चाललेलं असताना नरकचतुर्दशी आली.

आमच्याकडे त्या वर्षी सण नव्हता. कंदील नाही, फराळ नाही, अभ्यंगस्नान नाही. पण जन्मभराच्या सवयीने सासूबाईंना पहाटे जाग आली आणि त्यांनी बंब पेटवला. पाणी कढत झाल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की न्हाऊ घालायला कुणी नाही. मी जिन्यावरून पाहत होतो. हातात उटण्याची वाटी घेऊन त्या बंबाशी नुसत्या उभ्या होत्या. मग शेळीकडे वळून म्हणाल्या, "सण आपल्याला नाही. ह्या पोरांना काय त्याचं? पहिली दिवाळी आहे त्यांची."

मला ते एकदम पटलं. मी खाली उतरलो.

थोरला पाण्याचा आवाज ऐकून त्याच जिन्याने गच्चीत पळाला. धाकटी सापडली. तिला पाटावर उभी केली, मी चारी पाय धरले. सासूबाईंनी आधी तेल चोळलं, मग उटणं, कानांच्या मागे, शेपटीच्या खाली, कुठे म्हणून सोडलं नाही. पायाखाली फोडायचं कारीट काही मिळालं नव्हतं. पण धाकटीने लाथ मारून चिनी मातीची वाटीच फोडली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "झालं! मेला नरकासुर!" आणि पदरात तोंड लपवून हसायला लागल्या. मीही हसलो. हसता हसता माझ्या हातून पाय सुटले आणि धाकटीने अंग झाडून आम्हा दोघांनाही अभ्यंगस्नान घातलं. मग तिला पुसून, ओवाळून, वाळा, कापूरकाचरी आणि संत्र्याच्या सालीचा घमघमाट घेऊन तिच्या आईकडे पाठवलं.

शेळीने हुंगलं. पुन्हा हुंगलं. आणि तिला शिंगाने उडवून दिलं.

आधी आम्हाला त्याचीही गंमत वाटली. मग धाकटी पुन्हा गेली, पुन्हा उडाली. तिसऱ्यांदा ती गेलीच नाही.

आम्ही शेळीला धरायचं ठरवलं. "तुझ्या मालकांना सांग, मागचे पाय धरा," सासूबाई शेळीला सांगत होत्या आणि शेळी मालकांना लाथा घालत होती. एक लाथ दुधासाठी घेतलेल्या पातेल्याला बसली, एक माझ्या गुडघ्याला.

"त्यांना म्हणावं," मी ओरडलो, "मी धरतोच आहे!"

"अरे, मग धर ना मेल्या नीट!"

शेळीसुद्धा थबकली. सासूबाईंनी जीभ चावली. मी म्हणालो, "धरतो." आणि नीट धरले.

पण शेळीने दूध आखडून घेतलं ते घेतलंच. मग सासूबाईंनी लहान मुलांना पाजायचं चांदीचं बोंडलं काढलं. वरचं दूध धाकटीच्या तोंडात जाई आणि कडेने ओघळून बाहेर येई. दुपारपर्यंत तिने मान टाकली. ओरडणंही थांबलं. सासूबाई तिला मांडीवर घेऊन बसल्या, पायांना हात चोळत राहिल्या, आणि शेळीकडे न बघता मला म्हणाल्या, "ही जाता कामा नये. तुझं किताब काय म्हणतंय ते बघ."

सूची थोरल्याच्या पोटात होती, त्यामुळे पान न् पान चाळावं लागलं. शेवटी सापडलं. मेंढी पोराला वासावर ओळखते, असं त्यात होतं. एखादीचं पोर मेलं तर तिकडचा धनगर त्याचं कातडं दुसऱ्या पोरक्या पोराच्या अंगावर चढवतो, आणि मेंढी त्याला आपलं समजून पाजते. मी मोठ्याने मराठीत सांगितलं.

"शिव शिव शिव! कातडं? कुणाचं, थोरल्याचं?"

थोरला नुकताच गच्चीवरून उतरून आला होता. तो माझ्या पाठीमागे जाऊन उभा राहिला.

"कातडं नको हो," मी म्हणालो. "त्याच्या अंगाचा वास हिला लागला म्हणजे झालं. दोघांना एकाच कपड्यात गुंडाळू. लोकरीचं असलं तर बरं, लोकर वास धरते."

त्यांनी धाकटीला माझ्या हातात दिलं आणि त्या आत गेल्या. ट्रंक उघडल्याचा आवाज आला. तो आवाज माझ्या ओळखीचा होता. सुटीच्या दुपारी मी वर वाचत असलो की तो ऐकू येई. एकदा पाणी प्यायला खाली आलो तर ट्रंकेवर वाकून त्या उभ्या होत्या, तोंड राखाडी लोकरीत. बायकोचं बाकी सगळं देऊन झालं होतं. तिच्या हातचा हा स्वेटर तेवढा राहिला होता, न धुतलेला.

तो घेऊन त्या बाहेर आल्या. "हा घे."

"अहो, पण ह्याचा वास जाईल," मी म्हणालो.

"जाऊ दे. वास घेऊन काय करू? पोर जगू दे."

थोरल्याचं डोकं गळ्यातून काढलं. ज्या भोकाला बाही लागायची राहिली होती त्यातून धाकटीचं. खाली आठ पाय, आणि झालेली बाही पलीकडे लोंबत होती. थोरल्याने क्षणभर बाजूला पाहिलं, आपल्याला दुसरं डोकं फुटलं आहे हे त्याच्या लक्षात आलं, आणि तो पळत सुटला. तुळशीला एक फेरी, स्वयंपाकघरातून एक, मग दारातून गल्लीत. सासूबाई मागे ओरडत होत्या, "अरे पकड, पकड! उधर से रोको कोई!" मी अनवाणी, धोतर खोचून, त्या दोन तोंडांच्या मागे घाटाच्या पायऱ्या उतरत होतो. धाकटीचे पाय जमिनीला लागतच नव्हते, ती थोरल्याच्या कुशीला लटकून प्रवास करत होती. स्नान करून येणाऱ्या एका बाईंनी ते रूप पाहिलं आणि हात जोडले. काशीत हात जोडायला लोक कमी करत नाहीत. नावाडी होडीत उभा राहून म्हणाला, "गुरू, ई का निकाल दिहला?"

पाण्याजवळच्या पायरीवर मी त्यांना गाठलं आणि दोघांना छातीशी धरून बसलो. हसून हसून माझ्या पोटात दुखत होतं, डोळ्यांतून पाणी येत होतं. ते कशाचं याची चौकशी मी केली नाही. धाकटीचं अंग गरम लागत होतं. तेवढ्यात थोरल्याने स्वेटरात मनसोक्त मुतून घेतलं, आणि धाकटी ओरडली. सकाळपासून पहिल्यांदाच. बाजारात ओरडायची तशी.

सासूबाई वरच्या पायरीवर धापा टाकत उभ्या होत्या. "ओरडली ना रे ती?"

"ओरडली!"

दिवेलागणीपर्यंत आम्ही दोघांना तसंच ठेवलं. गल्लीत पणत्या लागल्या तेव्हा स्वेटर उतरवला आणि धाकटीला शेळीपुढे सोडलं. शेळीने तोंड हुंगलं, पाठ हुंगली, मग शेपटीशी नाक नेऊन बराच वेळ तिथेच ठेवलं. मग शेळीच्या घशातून एक बारीक घुरघुर आली आणि ती पाय फाकवून उभी राहिली. धाकटी आत शिरली. थोड्या वेळाने तिची शेपटी भराभर हलायला लागली, म्हणजे दूध येत होतं. थोरला ढुशी मारायला आला, त्याला सासूबाईंनी कानाला धरून माझ्या मांडीवर टाकलं.

मग त्या म्हणाल्या, "भात टाकते. खाशील ना?"

"थोडाच."

"थोडाच म्हणे. हाडं बघ स्वतःची." आणि ताट भरून वाढला.

खोली मी बघितली नाही. त्या थंडीत धाकटी तो स्वेटर घालून घाटावर हिंडली, आणि पुढच्या दिवाळीला ती थोरल्याला ढुशी मारत होती. तिची करडं, त्यांची करडं, आमच्या चौकात बरीच वर्षं नांदली. सासूबाईंनी आणि मी तेवढीच वर्षं वाद घातला, समोरासमोर. माझं म्हणणं, थोरल्याच्या वासाने काम केलं. त्यांचं म्हणणं, शेळीने त्या लोकरीत त्यांच्या लेकीला ओळखलं. "तुझ्या किताबात नसेल ते," असं म्हणून त्या वाद संपवत.

आता चौकात शेळी नाही. सासूबाई नाहीत. स्वेटर ट्रंकेत आहे. त्याला एकच बाही आहे आणि शेळीचा वास येतो.