डाव्या हाताचा खजूर

माझा नवरा हरीश रियाधच्या एका बँकेत कॉम्प्युटर सांभाळतो, पण विचारलं की सांगतो, "मी कॉमिक्सलेखक." लेखक म्हणे! भिंतीवर त्याच्या गुरूचा फोटो, कोण एक इटालियन कॉमिक्सलेखक. त्या बिचाऱ्याने अमेरिका न बघता जन्मभर काउबॉय लिहिले, चित्रकार अडला की गोष्ट मुकाट बदलून दिली. आमच्या दिवट्याने त्याच्याकडून काय उचललं? टोपी. एसीखाली टोपी घालून बसतो!

एवढ्या वर्षांत एक ओळ छापून आली नव्हती. आपलं नाव एकदा छापलेलं बघायचं, हा एकच ध्यास. शेवटी फहाद नावाच्या संपादकाने त्याची उंटवाल्याची गोष्ट मुलांच्या अरबी मासिकासाठी घेतली. हरीशने बत्ह्याच्या बाजारातून पेढे आणून अख्ख्या बिल्डिंगमध्ये वाटले.

फहाद म्हणाला होता, अरबी उजवीकडून वाचतात, चित्रंही तशीच काढून घ्या. पण ऐकेल तो हरीश कसला! "इटलीत डावीकडूनच काढतात. छापताना आरशातल्यासारखी उलटी करा."

केली उलटी. आणि शेखच्या तंबूत पाहुणा आलेला नायक डाव्या हाताने खजूर खायला लागला! इथे राहून, स्वतः रोज हाताने जेवून, या शहाण्याच्या डोक्यात एवढं येऊ नये? फहादचा फोन आला, पानं बदला.

मी म्हटलं, "अरे, नायकाच्या उजव्या हाताला पट्टी बांध. 'हात पोळलाय, माफ करा,' म्हणू दे. एक चौकट वाढेल."

"कलेत तडजोड नाही, अहिल्या! माझं नाव काढून टाका म्हणावं!" मग फहादलाही तेच इंग्रजीत ओरडून सांगून, फोन चालूच सोफ्यावर आदळून साहेब बेडरूममध्ये. मी फोन उचलला आणि फहादला मोडक्यातोडक्या इंग्रजीत पट्टीचं सांगितलं. तो म्हणाला, "खलास, मॅडम!" म्हणजे झालं काम. मग त्याने माझं नाव विचारलं, मी सांगितलं.

महिन्याने अंक आला. नायकाच्या हाताला पट्टी, बाकी गोष्ट शब्दन्‌शब्द हरीशची. आमची शिवांगी शाळेत अरबी शिकते. तिने लेखकाच्या नावावर बोट ठेवलं. "ममा, इट्स युअर नेम!"

हरीशने टोपी काढली. "आणि माझं?"

तिने पानं उलटून पाहिली, अगदी मागच्या जाहिरातीपर्यंत. "नाहीये, बाबा."

मेल्याची चांगली जिरली म्हणून मी हसायला हवं होतं. पण तो त्याच पानावर पुन्हा पुन्हा बोट फिरवत होता, आणि त्याला तर अरबी वाचताही येत नाही.