पडवीत मांडलेली खाट

श्रावणातल्या एका सकाळी आई मागच्या पायरीवरून घसरली. हातात मातीनं भरलेला डालड्याचा डबा होता. तो तिनं सोडला नाही, त्यामुळे हात टेकता आला नाही, आणि डावा पाय अंगाखाली दुमडून नडगीचं हाड मोडलं. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. धावत गेले तर ती शेवाळलेल्या दगडावर बसलेली, ओठ घट्ट आवळलेले. मला म्हणाली, "आधी डबा उचल गो. शेवंतीची रोपं हायत त्यात."

आम्ही तेव्हा महाडला भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. वडील तहसील कचेरीत कारकून होते. मी त्यांना अण्णा म्हणायची. पुढची खोली बसाउठायची, मागची स्वयंपाकाची, तिच्यामागे कौलारू पडवी. पडवीत एक चूल आणि पावसाळ्याची लाकडं रचलेली. पायऱ्या उतरलं की आईची बाग. जागा इवलीशीच, पण फुटकं घमेलं, बूड गेलेली बादली, तेलाचे डबे, जे हाती लागेल त्यात तिनं काहीतरी लावलेलं असायचं. तेरडा, सदाफुली, गुलबाक्षी, कर्दळ, आणि कुंपणाशी अबोली. ही अबोली तिच्या माहेरची. माहेर पोलादपूरच्या पुढे, आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी. लग्न होऊन निघाली तेव्हा तिनं ओल्या फडक्यात बांधून फांदी आणली होती. अण्णांची दोनदा बदली झाली, दोन्ही वेळा अबोलीही आमच्याबरोबर एसटीत बसली.

घर साधंच होतं, स्वयंपाकही साधाच. तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी, वालाचं बिरडं, पावसात टाकळ्याची भाजी, कधी सुकट. पण जेवायला बसायच्या जागी आई रोज सारवलेल्या जमिनीवर रांगोळीची एक रेघ ओढायची. पाहुणे असोत नसोत. सकाळी बुद्धांच्या तसबिरीपुढं चार फुलं ठेवायची आणि उरलेलं एखादं फूल पाण्याच्या हंड्याच्या झाकणावर. "हंड्यावर कशाला?" मी एकदा विचारलं होतं. "पाणी घ्यायला वाकशील तेव्हा दिसेल," ती म्हणाली.

डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि दीड महिना पाय जमिनीला लावायचा नाही असं बजावलं. आईची खाट पुढच्या खोलीत भिंतीशी लावली. मामीला निरोप धाडला, पण गावाला शेतीच्या कामाची घाई होती, तिला निघता येईना. घरमालकीण काकू पलीकडच्याच भागात राहायच्या. त्यांनी दोन दिवस जेवण पाठवलं. तिसऱ्या दिवशी अण्णा म्हणाले, "रोज किती दिवस कुणाकडून घ्यायचं? मी करतो."

आई खाटेवरून त्यांच्याकडे बघतच राहिली. अण्णांनी तोवर स्वतःचा चहासुद्धा कधी केलेला नव्हता. कचेरीतून आले की सदरा खुंटीला, पाय धुवायचे, आणि पाटावर.

संध्याकाळी त्यांनी धोतर खोचलं, स्टो पेटवला आणि मागच्या खोलीतून विचारलं, "एक वाटी पीठ म्हणजे कोणती वाटी?"

"वाटी कशाला? हातानं घ्या," आई पुढच्या खोलीतून ओरडली.

"तुझ्या हातानं की माझ्या?"

"अहो, आधी पाण्याला आधण तर येऊ दे!"

पाण्याला आधण आलं, पीठ पडलं, पण ती उकड काही होईना, परातीत नुसतीच पसरली. मी मधल्या दारात उभी राहून इकडचं तिकडे सांगत होते.

"आई, पातळ झालंय."

"मग पीठ घालायला सांग."

"पीठ संपलं."

आई म्हणाली, "मग ऱ्हाऊ दे. खळ झाली ती. अण्णांच्या सदऱ्याला लावू." आणि इतकी हसली, की पाय दुखून डोळ्यांतून पाणी आलं. त्या रात्री आम्ही मुरमुरे आणि गूळ खाल्ला.

अण्णांनी मात्र हट्ट सोडला नाही. कचेरीतल्या रद्दी कागदांच्या पाठीवर ते आईचं सांगणं लिहून घ्यायचे. 'पिठीला कुळथाचं पीठ गार पाण्यात कालवणे. गुठळी दिसल्यास बोटाने मोडणे.' आई वासावरून सांगायची, "लसूण करपली, तवा उतरवा," आणि ती खरंच करपलेली असायची. भाकरी थापतानाचा आवाजही ती ऐकायची. "चापट कमी पडते. घाबरू नका तिला." बोटं भाजली, तव्यावर भाकरी चिकटली, एक तर थापताना सरळ तीन तुकडे होऊन पडली. एकदा कचेरीतले एक गृहस्थ आईची चौकशी करायला आले आणि अण्णांकडे बघून म्हणाले, "कपाळाला काय लागलंय तुमच्या?" अण्णांनी कपाळ पुसलं आणि म्हणाले, "पीठ. भाकऱ्या करतोय. बसा." ते गृहस्थ बसले नाहीत. आठव्या की नवव्या दिवशी पहिली भाकरी टम्म फुगली. अण्णा ती तव्यासकट पुढच्या खोलीत घेऊन धावले. आईनं मान उंचावून बघितली आणि म्हणाली, "झाली. आता दुसरी करा."

बागेचं काम माझ्याकडे होतं. श्रावणात पाणी घालायची गरज नव्हती. कुंपणाचं बांबूचं दार लावायचं, काकूंची शेळी आत येऊ द्यायची नाही, आणि सकाळी फुलं तोडून आणायची, एवढंच. आई रोज विचारायची, "अबोलीला कळ्या किती? तेरडा आडवा तर नाय झाला?" मी सांगायची. तिला पाहताच येत नव्हतं. पुढच्या खोलीच्या खिडकीतून फक्त गल्ली आणि समोरच्या घराची भिंत दिसायची.

एका सकाळी शाळेला उशीर झाला आणि दार लावायचं राहिलं. दुपारी परत आले तर शेळी निवांत रवंथ करत उभी होती. शेवंतीचे शेंडे गेले होते. अबोलीच्या जागी दोन-तीन काटक्या उरल्या होत्या, तिनं उपटून, तुडवून टाकलेल्या. मी त्या उचलून मातीत खोचल्या. त्या काही उभ्या राहीनात.

आईला सांगायचा धीर झाला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी काकूंच्या अंगणात गेले, त्यांच्या अबोलीची फुलं मागून घेतली आणि आईच्या ओंजळीत घातली. तिनं घेतली. असं चार दिवस चाललं. रोज ती विचारायची, रोज मी सांगायची, "भरपूर कळ्या आहेत."

पाचव्या दिवशी तिनं फुलं हातात घेतली आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, "काकूंची अबोली चांगली हाय. लाल आणि ठसठशीत. आपली जरा पिवळट असते."

मी खाटेच्या पायथ्याशी बसले.

"पयल्याच दिवशी कळलं मला. म्हटलं, तू सांगशील." तिनं फुलं तसबिरीपुढं ठेवायला माझ्या हातात परत दिली आणि भिंतीकडे तोंड केलं. रागावली असती तर बरं वाटलं असतं. दिवसभर ती जेवली नाही. स्वयंपाकघरातून भाजी करपल्याचा वास आला, तरी काही बोलली नाही.

संध्याकाळी अण्णा वाल सोलत बसले होते. मी त्यांच्यासमोर बसले आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी हातातला वाल सोलून पूर्ण केला.

"खोटं का बोललीस?"

"तिला वाईट वाटेल म्हणून."

"मग आता वाटलंच की." पुढचा वाल उचलत म्हणाले, "रविवारी लवकर ऊठ. मामीकडे जाऊ."

रविवारी काकू आईजवळ येऊन बसल्या. त्यांच्याच शेळीचं काम म्हटल्यावर त्या फार वरमल्या होत्या. आम्ही पहिल्या गाडीनं पोलादपूरला गेलो, तिथून दुसऱ्या गाडीनं घाटाच्या पायथ्याशी उतरलो आणि शेताच्या बांधावरून छत्री सावरत चालत गेलो. मामी अंगणातच होती. अण्णांना बघून तिनं डोक्यावर पदर घेतला, आणि मग तिची नजर त्यांच्या बोटांवर गेली.

"भावजी, बोटांना काय झालं?"

"तवा," अण्णा म्हणाले.

मामीला हसू आवरेना. "आमच्या वन्संनी तुम्हाला चुलीशी बसवलं म्हना की! आता आमच्या धन्यांना दाखवते, बघा म्हनावं." आतून मामा खाकरला, बाहेर काही आला नाही.

अबोली म्हटल्यावर मामी आम्हाला घरामागं घेऊन गेली. तिथं अबोलीचा कंबरेइतका ताटवा होता, पावसानं वाकलेला, फिक्या पिवळट केशरी फुलांचा. मामीनं विळ्यानं दहा-बारा फांद्या कापल्या, पानं थोडी काढून टाकली, ओल्या गोणपाटात गुंडाळल्या. जेवल्याशिवाय सोडलं नाही. निघताना अण्णांना म्हणाली, "बिरड्याला नारळ शेवटाला घाला. आधी घातलात तर वाल दडदडीत राहतात, शिजत नायत." अण्णांनी खिशातून कागद काढला आणि उभ्याउभ्या लिहून घेतलं.

परत आल्यावर मी ते गोणपाट आईच्या मांडीवर उलगडलं. तिनं एकेक फांदी हातात घेतली, नखानं साल खरवडून ओली आहे का बघितलं. मला जवळ ओढलं. मी रडले, ती नाही. मग म्हणाली, "मागं लावा. दोन बोटं अंतर नको, वीतभर सोडा." आम्ही पावसातच लावल्या. येऊन सांगितलं तर तिनं मान डोलावली आणि छपराकडे बघितलं. "चांगलं झालं. तुम्ही बघा. मला काय, हितं कौलंच दिसतात."

दुसऱ्या दिवशी अण्णा कचेरीतून आल्यावर पाय न धुताच पडवीत गेले आणि छपराकडे बघत उभे राहिले. मग काकूंकडे जाऊन विचारून आले. काकूंनी हो म्हटलं, वर मेणकापड आणि शिडीही दिली. पुढचे तीन दिवस संध्याकाळी अण्णा शिडीवर असायचे आणि मी खालून कौलं द्यायची. फुटकी बदलली, सरकलेली बसवली. लाकडं एका बाजूला रचली. भिंतींना चुन्यात चिमूटभर नीळ घालून हात दिला. पावसाच्या झडीच्या बाजूला मेणकापड ठोकलं आणि ते आतून दिसू नये म्हणून आईच्या दोन जुन्या पातळांचा पडदा केला, एक जांभळं, एक हिरवं. पुढच्या दारावरचं काचेच्या मण्यांचं तोरण काढून पडवीच्या दाराला लावलं. कचेरीतून शाईच्या चार रिकाम्या बाटल्या आल्या. त्या मी राखेनं घासून लख्ख केल्या आणि फळीवर मांडून एकेकीत तेरड्याची काडी ठेवली.

खाट हलवायला काकूंचे यजमान आले. आईला खाटेसकट उचलायचं असं दोघांनी ठरवलं. पहिलं दार पार पडलं. दुसऱ्या दारात खाट अडकली. पुढे जाईना, मागे येईना.

"तिरकी करा," यजमान म्हणाले.

"तिरकी केली तर मी पडेन ना!" आई खाटेची कड घट्ट धरून ओरडली.

"मग तूच सांग काय करू," अण्णा घामाघूम होऊन म्हणाले.

"आधी मला उतरवा. मग खाट आडवी करा. एवढं पण सांगायला लागतं?"

शेवटी दोघांनी तिला खुर्चीत बसवून पडवीत आणलं आणि मागून खाट उभी करून आणली. आई खाटेवर टेकली. समोर बाग, डाव्या हाताला चूल. तिनं पडदा बघितला, तोरण बघितलं, बाटल्यांतला तेरडा बघितला. "जांभळं पातळ तर मी ठेवणीतलं ठेवलं होतं," ती म्हणाली. अण्णांचा चेहरा पडला. "पण हितं छान दिसतं," ती पुढे म्हणाली आणि पदरानं तोंड पुसलं.

त्यानंतरचे दिवस माझ्या आठवणीत सगळे पडवीतलेच आहेत. बाहेर पाऊस, चुलीवर पिठी रटरटतेय, अण्णा उकिडवे बसून भाकरी थापताहेत, आई खाटेवरून मला डब्यांतलं तण दाखवतेय. मी तिथंच अभ्यास करायची. रांगोळीची रेघ आता मी ओढायची. ती वाकडी यायची. आई म्हणायची, "वाकडी असू दे, पण रोज काढ." अबोलीच्या बारा फांद्यांपैकी सात जगल्या. कोवळं पान फुटलं त्या दिवशी काकू शेळीला दोरीनं बांधून मुद्दाम बघायला आल्या.

गणपती झाले, पितृपक्ष लागला, तेव्हा प्लास्टर निघालं. आतला पाय काटकुळा आणि पांढराफटक झाला होता. आईनं त्यावर हात फिरवला आणि म्हणाली, "हा कुनाचा पाय आणला?" काठी घेऊन, अण्णांच्या खांद्याचा आधार घेऊन, ती पायरी उतरली. अबोलीपाशी गेली आणि बसायला पाट मागितला. दुपारपर्यंत तिथंच होती. अण्णांनी त्या दिवशी रजा काढली होती.

मला वाटलं होतं, आता स्वयंपाक परत आईकडे जाईल. ती पडवीत आली, चुलीशी उभी राहिली आणि म्हणाली, "उठा आता, मी बसते."

"एवढं बिरडं होऊ दे," अण्णा न उठताच म्हणाले.

"नारळ घातला?"

"शेवटी घालायचा असतो," अण्णा म्हणाले.

आई खाटेवर बसली आणि खोबरं खवायला घेतलं. पुढं आमची बदली होईपर्यंत ती खाट पडवीतच राहिली. आईचा पाय जरा लंगडत राहिला, पण ती चालायची सगळीकडे. सकाळचा स्वयंपाक ती करायची, रविवारचं बिरडं अण्णा, आणि त्यात मीठ किती घालायचं यावर दोघांचं भांडण इतकं रंगायचं, की काकू पलीकडून विचारायच्या, "झालं का हो बिरडं?"