शिडीवाला आणि मानसिंगची कात्री

मल्लप्पा बिराजदार रागावला की आधी एकदम गप्प होई. मग त्याच्या उजव्या गुडघ्यात कळ येई. तो गुडघा मंगळवेढ्याच्या जत्रेत भर खेळात गेला होता. नाटक कंपनीतलं विनोदी पात्र म्हणून त्यानं अर्धं आयुष्य पडण्यात घालवलं. पाटावरून पडे, राजाच्या पायाशी पडे, कुणी नुसतं शिंकलं तरी पडे, आणि हशा थेट मागच्या कनातीवर जाऊन आदळे. गुडघा गेला, मागोमाग कंपनी बसली. पडदे वखारीत कुजले आणि मल्लप्पा सोलापुरातल्या एका थेटरात डोअरकीपर झाला.

एकदा मायदेशी परतणारा एक परदेशी डॉक्टर घरातलं सामान विकत होता. मल्लप्पा तिथं खाट आणायला गेला आणि घरी आला तो छोटा प्रोजेक्टर अन् एक पुठ्ठ्याचं रंगीत खोकं घेऊन. खोक्यात तळहाताएवढ्या चकतीवर गुंडाळलेली बारीक फिल्म होती. तिकडं लोक जुने मुके विनोदी सिनेमे असे विकत आणून घरच्या भिंतीवर बघतात म्हणे. त्या संध्याकाळी मल्लप्पानं भिंतीवर एका अनोळखी माणसाला जिन्यावरून पडताना पाहिलं आणि तो ताडकन उठून उभा राहिला. बायकोला, नीलम्माला, म्हणाला, "बघ, खांदा आधी टेकवला यानं. आपलंच पडणं हाय हे."

नीलम्मा म्हणाली, "पडणं आपलं, आणि झोपायचं जमिनीवर."

तेव्हापासून नाद लागला. पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोरबाजार, रेल्वेतून निवृत्त होऊन गाव सोडणारे साहेब, जिथं खबर लागेल तिथं मल्लप्पा सुट्टी टाकून जाई. नीलम्माच्या लग्नातल्या ट्रंकेतून साड्या बाहेर आल्या, खोकी आत गेली.

या सगळ्यांत त्याचा जीव होता तो शिडीवाल्यावर. खांद्यावर शिडी घेतलेला एक माणूस रस्त्यानं जातो, वळताना शिडीचं टोक पोलिसाच्या डोक्याला लागतं, टोपी गटारात पडते. पोलीस मागं लागतो. एकाचे दोन होतात, दोनाची पलटण होते. शेवटी शिडी एका भिंतीवर आडवी पडते, शिडीवाला एका टोकाला लोंबकळतो, आणि फिल्म संपते. विकणाऱ्या कंपनीनं एकाच सिनेमाचे दोन तुकडे करून ते वेगवेगळ्या खोक्यांत घातले होते. मल्लप्पाकडं पहिलाच तुकडा. कित्येक वर्षं तो माणूस तसाच लोंबकळत राहिला. गल्लीत खेळ लावला की मल्लप्पा पुढची गोष्ट तोंडानं सांगे, दर वेळी वेगळी.

आणि मग हुबळीला एका भंगारवाल्याकडं, भलत्याच नावाच्या खोक्यात, दुसरा तुकडा सापडला. भिंतीच्या दुसऱ्या बाजूला पोलीस शिडीचं रिकामं टोक धरतात, त्यांच्या वजनानं शिडीवाला वर उडतो, तो खाली आला की पोलीस उडतात. मल्लप्पानं थेटरातल्या ऑपरेटरकडून फिल्म चिकटवायचं सिमेंट मागून आणलं आणि दोन्ही तुकडे स्वतःच्या हातानं जोडले. पुरा शिडीवाला पहिल्यांदा गणपतीत, मंडळाच्या मांडवात दाखवायचा ठरलं.

साल पंच्याहत्तर. आणीबाणी लागलेली. मंडळाचा सेक्रेटरी मानसिंग, अकलूजहून येऊन फोटो स्टुडिओ काढलेला, पाचपोच असलेला गडी. पडदा किती मोठा लागेल ते बघतो म्हणून त्यानं फिल्म दोन दिवस आधी नेली.

आरतीला फौजदारसाहेब आले, पुढच्या खुर्चीवर बसले. मल्लप्पानं माईक हातात घेतला, प्रोजेक्टर सुरू केला. शिडीवाला आला, वळला. खट् असा आवाज झाला आणि शिडीवाला पळायला लागला. मागं कुणीच नाही. मल्लप्पाला वाटलं, फिल्म सरकली. पुन्हा खट्. रस्ता रिकामा, आणि एक माणूस जिवाच्या आकांतानं पळतोय, मागं वळून बघतोय, कशाला तेच कळत नाही. मांडवात कुणी हसेना. एक म्हातारी म्हणाली, "याला झालंय तरी काय?"

मल्लप्पानं प्रोजेक्टरवर वाकून पाहिलं. फिल्मवर जागोजागी चिकटपट्टी होती. त्यानं मान वर केली, तर खांबाशी उभा असलेला मानसिंग पायाकडं बघत होता.

मल्लप्पा गप्प झाला. गुडघ्यात कळ आली.

मग त्यानं माईक खाली ठेवला, एका स्वयंसेवकाच्या हातातली काठी ओढून घेतली आणि लंगडत पडद्यापुढं, थेट उजेडात जाऊन उभा राहिला. त्याची काळी सावली पडद्यावर चढली आणि शिडीवाल्यामागं धावू लागली. शिडी वळली की सावली डोकं धरून कोलमडे, उठे, काठी उगारे, पुन्हा पडे. रागानं पडत होता तो. प्रत्येक पडणं मानसिंगच्या अंगावर फेकत होता. मांडव हशानं फुटला. शिडी भिंतीवरून वर गेली तेव्हा मल्लप्पा शेवटचा पडला, खांदा आधी टेकवून. नीलम्मानं येऊन हात दिला तेव्हा उठला.

फौजदार डोळे पुसत होते. हसून हसून खोकला लागला होता त्यांना. म्हणाले, "बरं, मूळ सिनेमात पोलीस नव्हतेच का?"

"होते की साहेब," मल्लप्पा धापा टाकत म्हणाला. "तुमी येणार म्हणून आमच्या सेक्रेटरीनं त्यांना पळवून लावलं."

फौजदार आणखी हसले. लोकही हसले. त्या हसण्यानं मल्लप्पाचा राग दुप्पट झाला.

दुसऱ्या दिवशी मानसिंग फोटोच्या कागदाच्या पिवळ्या पाकिटात कापलेले तुकडे घेऊन दारात उभा राहिला. म्हणाला, अण्णा, दिवस वाईट आहेत, पोलीस पडताना दाखवले म्हणून उद्या मंडळ बंद केलं असतं तर? मल्लप्पानं ते सगळं ऐकून घेतलं.

"कंपनी बसली," तो म्हणाला. "मी हजारदा पडलो असेन, त्यातलं एकबी पडणं कुटं शिल्लक न्हाई. बघणारे पण मरत चाललेत. ह्या सिनेमावाल्यांनी धरून ठेवलंय बे, फिल्मवर धरून ठेवलंय. आणि तू त्याला कात्री लावलीस."

त्यानं मानसिंगला बसवलं. भिंग, सिमेंट आणि ती फिल्म पुढं ठेवली. चहा विचारला नाही. तो नीलम्मानं न विचारताच आणला. रविवार गेला, पुढचा रविवार गेला. सगळे पोलीस आपापल्या जागी परत आले. फक्त एक तुकडा स्टुडिओच्या केरात कायमचा गेला होता. पहिला पोलीस शिडीच्या टोल्यानं पडतो, तो.

तेव्हापासून शिडीवाला दाखवताना ती जागा आली, खट् झालं, की मल्लप्पा माईकवरून म्हणे, "मानसिंग्या, तुझ्या कात्रीला गंज चढो!" आणि पुढची गोष्ट सांगू लागे. लोक त्या शिव्याशापाची वाट बघत. मानसिंग दर खेळाला यायचा, जादा बल्ब हातात धरून प्रोजेक्टरपाशी बसायचा आणि मान खाली घालून ते ऐकायचा.

एका वर्षी मल्लप्पाचा घसा बसला. आवाजच फुटेना. खेळ मुकाच लावला. ती जागा आली, खट् झालं, मांडव वाट बघत राहिला. मानसिंग हळूच उठला, माईक घेतला आणि म्हणाला, "मानसिंग्या, तुझ्या कात्रीला गंज चढो."

मल्लप्पानं त्याच्याकडं पाहिलंही नाही. त्याची नजर पडद्यावर होती.

"मोठ्यानं म्हण," तो फाटक्या आवाजात म्हणाला. "मागं ऐकू गेलं न्हाई."