हौसामावशीचं वाक्य

जगाचा अंत मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला आहे. मुरबाड तालुक्यात, धसईच्या पुढे, एका पाड्यावरच्या रिकाम्या खळ्यात तो संध्याकाळी सुरू झाला आणि मध्येच चहासाठी थांबला. दूध नासल्यामुळे चहा कोरा होता.

या पानावर येणारे भुताखेतांचे अनुभव मी नेमाने वाचतो आणि खरं सांगायचं तर एकावरही विश्वास ठेवत नाही. शहापूरला हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवण्यात माझी सगळी हयात गेली. चकवा, मुंज्या, हडळ... सगळ्यांना मी फळ्यावर उत्तरं दिलेली आहेत. बायको म्हणते, भुतं मला भेटत नाहीत कारण मी त्यांना समजावत बसेन. तेव्हा खालचं जे आहे ते मी मोठ्या नाइलाजाने लिहितो आहे.

विल्सन माझा जुना विद्यार्थी. आता पास्टर विल्सन. त्या पाड्यावर त्याची दहा-बारा घरांची ख्रिस्ती मंडळी आहे. भात लावणारी, मजुरीला जाणारी माणसं. त्यांची श्रद्धा अशी की शेवटचे दिवस जवळ आलेत. जगाचा एक राजा येईल, प्रत्येकाच्या कपाळावर आपला शिक्का मारेल. शिक्का नसेल त्याला बाजारात काही घेता येणार नाही, विकता येणार नाही. जे टिकतील ते टिकतील. मग तुतारी वाजेल आणि मेलेले उठतील.

हे सगळं मुरबाड तालुक्यात घडलं तर कसं घडेल, यावर विल्सनने नाटक लिहिलं आणि ते तपासायला माझ्याकडे आणलं. मी लाल पेन घेऊन बसलो. पहिल्याच प्रवेशात एक शेतकरी भाताची पोती घेऊन गिरणीवर जातो आणि गिरणीवाला, रोजचा मित्र, त्याच्या कोऱ्या कपाळाकडे बघून म्हणतो, "आज गिरणी बंद हाय." मागे गिरणी चालू असल्याचा आवाज येत असतो. मी पेनला टोपण लावलं.

"चांगलं लिहिलंयस," मी म्हटलं. "माझं काय काम?"

"सर, राजाचा अधिकारी तुम्ही करा."

"मंडळीतला कोणी नाही?"

"कोणी तयार नाय. एकजण झाला होता, त्याची बायको बोलली मग जेवायला पण त्या राजाकडंच जा." तो जरा घुटमळला. "आणि तुमचा तसा... कशावरच विश्वास नाय. म्हणजे तुमचं काय जाणार नाय."

हौशी रंगभूमीवर मी बरीच वर्षं खलनायक केलेत, पण निवड इतक्या सरळ निकषावर कधी झाली नव्हती. मी हो म्हटलं. भूमिकेचा अभ्यासही केला. शाळेच्या संमेलनाला येणारे सगळे प्रमुख पाहुणे डोळ्यांसमोर आणले आणि एक सूचना केली: अधिकारी छळ सुरू करण्याआधी त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार व्हावा. विल्सनला शंका होती, शास्त्रात तसं कुठे नाही. मी म्हटलं, शास्त्रात नसेल, तालुक्यात आहे.

शिक्का बटाटा कापून केला. त्यावर त्या राजाचा आकडा, सहाशे सहासष्ट, कोरायचा होता, पण त्या आकड्याला हात लावायला कोणी धजेना. मग नुसता गोलच ठेवला.

आता हौसामावशी. साठीच्या पुढची, कोरडी ठणठणीत बाई. बाप्तिस्म्यात तिचं नाव हन्ना ठेवलं होतं, पण हन्ना म्हणून हाक मारली की ती मागे वळून बघायची, कोण आलंय ते. तिच्याकडे नाटकातला सगळ्यात अवघड प्रवेश होता. अधिकारी म्हातारीला विचारतो, "तू त्याला ओळखतेस?" त्याला म्हणजे प्रभूला. ती घाबरून म्हणते, "नाय. मी त्याला ओळखत नाय." शिक्का बसतो, आणि त्याच क्षणी तुतारी वाजते. क्षणभर टिकली असती तर वाचली असती. विल्सनला लोकांना तेच दाखवायचं होतं.

तालमीत मावशी त्या जागी आली की म्हणायची, "इथं मी ते बोलते. मंग तुमी शिक्का मारा."

"मावशी, बोलून दाखव ना एकदा," विल्सन म्हणाला.

"बाकी सगळं बोलन. तेवढं नाय."

"अगो, नाटक हाय. देव मन बघतो, नाटकातलं धरत नाय तो."

"तुला सांगून गेला काय?"

सगळे हसले. ती हसली नाही. तालीम संपल्यावर खळ्याच्या कडेला बसून मिसरी लावत तिने मला सांगितलं. तिची मुलगी सुमन, लग्नाच्या वयाची, तापाने गेली. तिला दवाखान्यात न्यायला विल्सनने आपली गाडी काढली होती. म्हणून त्याला नाटकाला नाही म्हणणं हौसामावशीला जमलं नव्हतं.

"मास्तर, तुतारी वाजली का पैली सुमन मला शोधल. तवा तिथं कोणी तिला सांगितलं, तुझी आय तर बोलली, मी त्याला ओळखत नाय... मंग ती माझ्याकडं बघल का?"

मी विल्सनला जाऊन सांगितलं. तो म्हणाला, वाक्य काढून टाकतो, मावशीने नुसती मान हलवावी.

पुढच्या तालमीला पाड्यावरची कॉलेजला जाणारी मुलं बघायला बसली होती. मावशीने मान हलवली, मी शिक्का उचलला, आणि मुलं खुदकन हसली. प्रवेश पार पडलाच, पण पडला म्हणजे खरोखरच पडला. विल्सन काही बोलायच्या आत मावशीच म्हणाली,

"राऊ दे रे तुझं ते वाक्य. बोलन मी."

"अगो पण सुमनचं—"

"ती म्हातारी भिऊन खोटं बोलते, मंग तिचं काय होतं, ते ह्या पोरांना दिसाया पायजे का नको? त्यांना अजून टाइम हाय. माझं एकटीचं काय व्हायचं ते होऊ दे."

श्रद्धेपायी सर्वस्व दिलेल्या माणसांबद्दल मी पुष्कळ वाचलंय. पुस्तकांत अशा वेळी वारा सुटलेला असतो आणि चेहऱ्यावर तेज वगैरे असतं. इथे एक एलईडी बल्ब होता आणि मावशीला सर्दी झालेली होती. तिच्या दृष्टीने ती आपल्या मुलीची कायमची भेट परक्या पोरांसाठी पणाला लावत होती, आणि हे सांगताना ती पदराने नाक पुसत होती. माझा देवावर विश्वास नाही, पण त्या दिवशी घरी जाताना किन्हवलीपर्यंत मी स्कूटरवर कुणाशी तरी मोठमोठ्याने भांडत गेलो.

प्रयोग म्हसा गावच्या जत्रेच्या आधी, दिवस मावळायच्या सुमाराला झाला. पाड्यावरची हिंदू घरंही झाडून आली होती. फुकट नाटक, आणि मास्तर मार खाणार अशी कुणीतरी अफवा उठवलेली. माझ्या सत्काराला खळं हसून लोटपोट झालं. शेजारच्या वाडीचे एक पुढारी तेवढे हसले नाहीत. कोऱ्या चहानंतर तो प्रवेश आला. आमच्या दोघांमध्ये एक उभा माइक. मावशी माझ्या डाव्या बाजूला, हातभर अंतरावर. नाटकातले माझे दोन शिपाई तिच्या मागे चिकटून उभे.

"नाव काय?" मी विचारलं.

"हौसा." स्पीकरवरून तिचा आवाज समोरच्या टेकडीपर्यंत गेला.

"तू त्याला ओळखतेस?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने म्हटलं, "नाय. मी त्याला ओळखत नाय." हळू नाही, अडखळत नाही. मी प्रत्येक शब्द ऐकला, डाव्या कानाशी बोलल्यासारखा. मी शिक्का मारला.

तुतारी वाजली नाही. खळ्यात अशी शांतता की जनरेटर तेवढा ऐकू येत होता. आणि मग मागून एक बाई ओरडली, "नाय बोलली! म्हातारी ते बोललीच नाय गो!" बायका उठून उभ्या राहिल्या. ती कॉलेजची मुलं रडत होती. कुणीतरी मला चप्पल फेकून मारली. तेव्हा कुठे विल्सनने गडबडून तुतारी वाजवली.

आत आल्यावर तो माझ्यावर चिडलाच. "सर, घाई केली तुम्ही. तिचं वाक्य व्हायच्या आधीच शिक्का मारला."

"अरे, बोलली ती!"

"नाय सर."

शिपायांना विचारलं. नाय. पहिल्या रांगेत बसलेल्या माझ्या बायकोला विचारलं. "नाही हो, ती नुसती तुमच्याकडे बघत होती. फार सुंदर केलं तिने." तिघांनी मोबाइलवर शूटिंग केलं होतं. तिन्ही पाहिली. "हौसा" स्वच्छ ऐकू येतं. माझा प्रश्न ऐकू येतो. मग तिचे ओठ हलतात, त्या वाक्याला लागतील तेवढाच वेळ हलतात. त्या वेळात जनरेटर ऐकू येतो, एक मूल खोकतं, माझे बूट करकरतात. तिचा आवाज नाही. पुढे शिक्का बसल्यावर ती "आय गं" म्हणते, तेही स्वच्छ.

मावशी मागच्या बाजूला तांब्यातल्या पाण्याने कपाळ घासत होती.

"मास्तर, बोलली ना मी? तुमी ऐकलं ना?"

"मी ऐकलं, मावशी. पण दुसऱ्या कोणीच नाही ऐकलं." मी तिला शूटिंग दाखवलं.

तिने ते दोनदा बघितलं. मग थोडा विचार केला. शिकलेल्या माणसाला जे सुचायला वर्षं लागली असती, ते तिला तिथेच सुचलं.

"तुमी त्या राजाचे माणूस. तुमच्यापरेंत गेलं. वर नाय गेलं."

"म्हणजे?"

"म्हणजे सुमनला नाय कळलं." आणि त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा ती हसली. "पोरांनी काय केलं पण?"

"रडत होती."

"मंग झालं तर." आणि ती चपला शोधायला गेली.

त्यानंतर मी सगळं करून पाहिलं. माइकवाल्याला गाठलं, माइक चांगला होता, दुसऱ्या दिवशी हळदीला वाजला. वारा म्हणावा तर पान हलत नव्हतं. वाक्य पाठ असल्यामुळे मला भास झाला म्हणावं, तर मावशी स्वतः शपथेवर सांगते की ती बोलली, आणि खोटं बोलायला किती कष्ट पडतात तिला, ते मी तालमीत पाहिलंय. ओठांच्या हालचाली वाचणारं कुणी भेटतं का तेही विचारून झालं. कशाचाच मेळ बसत नाही. इथल्या जाणकारांना काही सुचलं तर जरूर लिहा... पण "शक्ती होती" एवढंच लिहू नका. ते मला बायको रोज सांगते.

तिच्याच आग्रहाने शेवटी मी कल्याणला कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन रीतसर तपासणी करून घेतली. मावशी ज्या बाजूला उभी होती, त्या डाव्या कानाने मला गेली काही वर्षं जवळपास काहीच ऐकू येत नाही.